वडिलांना कैदेत ठेवणाऱ्या देशाच्या राजधानीत

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी फोंड्याची ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझे वडील गोवा मुक्तिलढ्यात होते आणि त्यासाठी दोन वर्षे आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांना पोर्तुगीज उत्तम येई. लिस्बनविषयी ते पुष्कळ वाचत, पण तेथे जायचे आहे असे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आता ते नाहीत. मुलाने आम्हा दोघांसाठी ऑगस्टमध्ये नऊ दिवसांचा प्रवास आखला आहे: लिस्बन, माद्रिद आणि बार्सिलोना, प्रत्येकी तीन दिवस. माझे पती ६७ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर ते तासभर चालतात, पण जिने त्यांना झेपत नाहीत. ते शाकाहारी आहेत, अंडे चालते. मी मासे खाते. लिस्बनला तीन दिवस पुरतील का? आणि दुसरा प्रश्न असा, की ज्यांनी वडिलांना कोंडले त्यांच्या राजधानीत आपण हौसेने फिरायला जावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातूनच निघते.

तुम्ही अवश्य जावे. ज्या राजवटीने तुमच्या वडिलांना आग्वादमध्ये डांबले, तिने त्याच वर्षांत पोर्तुगालमधील स्वतःच्या देशबांधवांनाही तशाच कोठड्यांत डांबले होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांच्या दृष्टीने लिस्बनचा कामगार पुढारी आणि गोव्याचा सत्याग्रही हे दोघेही राज्याचे शत्रू होते, आणि कित्येकदा त्यांना ठेवण्याची जागाही एकच होती. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये गोव्यात अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिशेच्या किल्ल्यात नेण्यात आले. त्या किल्ल्यात प्रामुख्याने पोर्तुगीज राजबंदीच होते. मूळचे सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० मध्ये त्यांना लिस्बनजवळच्या काशियास येथील किल्ल्यात हलवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे मात्र १९६९ च्या जानेवारीपर्यंत तेथे कैदेतच होते.

ती राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली, आणि ती तिच्याच सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी पाडली. लोक रस्त्यावर आले, त्यांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली, आणि दोन दिवसांत काशियास व पेनिशे येथील राजबंदी बाहेर आले. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोव्याची मुक्ती मान्य करण्यासाठी त्या देशाला आधी स्वतः मुक्त व्हावे लागले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि म्हणूनच तुमच्या मनात हा संकोच उरला आहे असे मला वाटते. आज पोर्तुगालमधील त्या तुरुंगांपैकी पेनिशे आणि लिस्बनमधील आल्जूब या दोन ठिकाणी संग्रहालये आहेत. तुम्ही तेथे पाहुणी म्हणून तर जालच, पण एका राजबंद्याची मुलगी म्हणूनही जाल, आणि हे नाते त्या संग्रहालयांतील माणसांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता हे मान्य केले, तर प्रवासाचा महिना बदलावा लागतो. ऑगस्टमध्ये लिस्बन तापलेले असते, पर्यटकांची गर्दी शिगेला पोहोचलेली असते, आणि स्थानिक माणसे सुटीवर गेल्यामुळे अनेक लहान कौटुंबिक खाणावळी बंद असतात. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास राहते, अधूनमधून पाऊस येतो आणि अटलांटिकचा वारा सतत वाहतो. त्यामुळे छत्रीपेक्षा टोपी असलेले वाऱ्याचे जाकीट जास्त उपयोगी पडते. ईस्टरचा आठवडा टाळा, आणि २५ एप्रिल हा दिवस तुमच्या मुक्कामाच्या मध्यावर येईल अशा बेताने तिकिटे काढा. हा तेथील स्वातंत्र्यदिन असून सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. सुमारे एक किलोमीटर लांबीच्या आव्हेनिदा दा लिबेर्दादे या झाडांनी भरलेल्या रस्त्यावरून दुपारी मोठी मिरवणूक निघते, आणि कपड्यांवर लाल कार्नेशन लावलेली आजोबांपासून नातवंडांपर्यंतची घरे तिच्यात चालत असतात. तुम्ही चालण्याची गरज नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखाली बाके आहेत. जेवण लवकर उरकून एका बाकावर जागा धरा आणि फूलवाल्या बाईकडून दोन फुले घ्या. त्या दिवसासाठी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

तीन शहरांचा बेत मात्र मी रद्द करावा असे आग्रहाने सांगेन. नकाशावर लिस्बन आणि माद्रिद शेजारी दिसतात, पण दोघांमधील रात्रीची गाडी २०२० मध्ये बंद झाली आणि एका गाडीत बसून पोहोचण्याची सोय राहिली नाही. रेल्वेने गाड्या बदलत अख्खा दिवस जातो आणि बसलाही आठ-नऊ तास लागतात. विमानाने जायचे म्हटले तरी सामान आवरणे, विमानतळ गाठणे, नव्या शहरात खोली शोधणे यात प्रत्येक वेळी अर्ध्याहून अधिक दिवस खर्ची पडतो. तुमच्या नऊ दिवसांतून येण्याजाण्याचे दोन वजा केले आणि असे आणखी दोन वजा केले, तर तीन राजेशाही शहरांसाठी पाच दिवस उरतात, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी सामान ओढून थकलेले. मुलाने प्रेमाने आखलेला बेत मोडणे अवघड असते, हे मी जाणते. त्याला एवढेच सांगा, की बार्सिलोना पुढच्या वर्षीही तेथेच असेल, पण बाबांचे गुडघे पुढच्या वर्षी कसे असतील ते ठाऊक नाही. सगळ्या रात्री लिस्बनमध्ये, एकाच खोलीत काढा.

ती खोली कोठे घ्यायची, यावर तुमच्या प्रवासाचे सुख सर्वाधिक अवलंबून आहे. लिस्बन टेकड्यांवर वसलेले शहर आहे, आणि नकाशावर चढ दिसत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा छायाचित्रांवर भाळून अल्फामा या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात खोली घेतली होती. गल्ल्या सुरेख होत्या, पण रोज संध्याकाळी दमल्यावर पायऱ्यांची शेवटची चढण समोर आली की दिवसभराचा आनंद तेथेच संपत असे. तुम्ही सालदान्या भागात राहावे असे माझे मत आहे. विसाव्या शतकात वाढलेला हा भाग सपाट आहे, पदपथ रुंद आहेत, आणि पर्यटकांपेक्षा कार्यालयांत जाणाऱ्या माणसांची वर्दळ जास्त असल्याने जेवणही वाजवी दरात मिळते. विमानतळावरून मेट्रोचा लाल मार्ग गाडी न बदलता सालदान्याला येतो, आणि तेथेच पिवळा मार्ग मिळतो, ज्यावर मिरवणुकीच्या रस्त्याचे वरचे टोक असलेला मार्केश द पोम्बाल चौक दोनच स्थानकांवर आहे. खोली घेताना इमारतीला लिफ्ट आहे ना आणि ती तळमजल्यापासून आहे ना, हे दोन्ही लेखी विचारा. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच आठ-दहा पायऱ्या असतात. जवळच गुल्बेंकियान प्रतिष्ठानची बाग आहे. तळी, बदके आणि सावली असलेली ही बाग पहिल्या दिवशी, प्रवासाचा शीण असताना, फार बरी वाटते.

चढउतारांसाठी एकच नियम पाळा: वर वाहनाने जायचे आणि खाली चालत यायचे. प्रासा दा फिगेइरा या चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट साव जॉर्जच्या किल्ल्यापाशी नेते. किल्ला पाहून झाला की पोर्तास दो सोल या सज्जासारख्या चौकात या, नदीकडे बघत बसा, आणि तेथून ट्रामच्या रुळांची वाट धरून हळूहळू खाली उतरा. रूळ आहेत तेथे पायऱ्या नसतात, हे ध्यानात ठेवले की वाट चुकत नाही. याच उतारावर आल्जूब आणि प्रमुख कॅथेड्रल ही दोन्ही ठिकाणे लागतात. पर्यटकांत प्रसिद्ध असलेली २८ क्रमांकाची ट्राम मात्र सोडून द्या. तीत उभे राहायला जागा मिळाली तरी नशीब, आणि खिसेकापूंचाही तिच्यावर विशेष लोभ असतो. बाइशा या खालच्या सपाट पेठेतून शियादूच्या उंच भागात जायचे असेल, तर स्थानिक लोक करतात तेच करा: बाइशा-शियादू मेट्रो स्थानकात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. किल्ल्याच्या बाजूलाही रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर सार्वजनिक लिफ्ट आहे. दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या पिवळ्या डब्यांपैकी ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात होऊन १६ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर ही सेवा थांबवण्यात आली. तुम्ही जाल तेव्हा इतर मार्ग सुरू असले, तरी तुमचा कोणताही बेत त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका.

पदपथ लहान पांढऱ्या-काळ्या चुनखडी दगडांचे असतात. नक्षी सुंदर, पण शतकभराच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात अक्षरशः साबण लावल्यासारखे होतात. रबरी तळ असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट दोघांनीही घ्यावेत आणि पतींनी घडीची काठी बाळगावी. काठीचा आणखी एक उपयोग आहे. पोर्तुगालमध्ये २०१६ पासून असा कायदा आहे, की ६५ वर्षांवरील आणि हालचालीत स्पष्ट अडचण असलेल्या व्यक्तीला लोकांसाठीच्या खिडक्यांवर आधी सेवा द्यावी लागते. रांगेत ताटकळत उभे न राहता तेथील कर्मचाऱ्याला काठी आणि पासपोर्ट दाखवून विचारा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. विमानतळांवर चाकांच्या खुर्चीची मदतही तिकीट काढतानाच मागून घ्या, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आल्जूबसाठी पूर्ण सकाळ ठेवा. १९२८ ते १९६५ या काळात हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता आणि २०१५ पासून येथे प्रतिकाराचे व स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या इतक्या अरुंद होत्या, की कैदी त्यांना गुरांच्या कोंडवाड्यावरून नाव देत. त्यांतील काही पुन्हा उभारून दाखवल्या आहेत. वसाहतींतील मुक्तिलढ्यांनाही येथे जागा दिलेली आहे. आत शिरताना तुम्हाला आग्वाद आठवेल. माझे सांगणे एवढेच, की त्या दिवशी दुपारी आणखी काही बघण्याची घाई करू नका. कॅथेड्रलच्या थंड सावलीत थोडे बसा आणि खाली बाइशात उतरून खोलीवर परत या.

पेनिशेचा दिवस हा माझ्या मते या प्रवासाचा गाभा आहे, आणि म्हणूनच, सगळे जातात म्हणून लिस्बनजवळच्या सिंट्राला जाण्यापेक्षा तुम्ही पेनिशेला जावे असे मी म्हणेन. सिंट्राचा पेना राजवाडा देखणा आहे, पण तो चढांचा, बसच्या रांगांचा आणि वेळ ठरलेल्या तिकिटांचा दिवस असतो. पेनिशे लिस्बनच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात शिरलेल्या सपाट भूशिरावर आहे. बसने दीड ते दोन तास लागतात. आदल्या दिवशी तिकीट काढताना बस नेमकी कोठून सुटते ते पाहून ठेवा. काम्पो ग्रांदेहून सुटणारी असेल तर ते स्थानक तुमच्याच पिवळ्या मार्गावर आहे. किल्ल्यातील राष्ट्रीय संग्रहालय २७ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे तेथील कैदी सुटल्याला नेमकी पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, पूर्णपणे खुले झाले. ३ जानेवारी १९६० रोजी पोर्तुगीज कम्युनिस्ट नेते आल्वारो कुन्याल आणि त्यांचे नऊ साथीदार या किल्ल्यातून निसटले होते, ती कथा तेथे सविस्तर सांगितली आहे. कैद्यांना नातेवाइकांशी जेथे बोलू दिले जाई ती जागाही पाहता येते. कैद्यांच्या नावांची एक मोठी भिंत आहे. तिच्यासमोर तुम्ही बराच वेळ उभ्या राहाल, म्हणून पतींसाठी बसायची जागा आधी पाहून ठेवा. आपले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा येथून १९५० मध्ये सुटले, पुढे लिस्बनमधून निसटून फ्रान्समार्गे भारतात आले आणि १९५८ मध्ये मुंबईत वारले. पणजीच्या आझाद मैदानातील त्यांचे स्मारक तुम्ही शेकडो वेळा ओलांडले असेल. पेनिशेच्या तटावर उभे राहून समोरचा अटलांटिक पाहिला, की ते स्मारक वेगळे दिसू लागते.

काशियासला मात्र आत जाता येत नाही, कारण तो आजही तुरुंगच आहे. पण काइश दु सोद्रे स्थानकातून काशकाईशला जाणारी लोकल नदीच्या कडेकडेने धावते आणि काशियास हे तिच्या वाटेवरचे स्थानक आहे. एखाद्या संध्याकाळी खिडकीशी बसून काशकाईशपर्यंत जा, समुद्रकिनारी चहा घ्या आणि परत या.

बेलें भागाविषयी तुमचे मन अधिक कचरेल, कारण सागरी साम्राज्याचे सारे वैभव तेथे मांडलेले आहे. पण तो भाग पूर्ण सपाट आहे, १५ क्रमांकाच्या ट्रामने जाता येते, आणि गोव्याच्या माणसाने तो पाहिलाच पाहिजे. जेरोनिमोस मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले ते मिरी आणि मसाल्यांच्या व्यापारावरील कराच्या पैशातून. त्या दगडी दोरखंडांच्या आणि प्रवाळांच्या नक्षीमागे आपल्याच किनाऱ्यावरचा माल आहे. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, तेथेच पुरला गेला आणि त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. त्याच्या समोरच्या बाजूला कवी कामोइंश याची कबर आहे, ज्याने काही वर्षे गोव्यात काढली होती. मठ उघडण्याच्या वेळीच पोहोचा. नंतर नदीकाठच्या शोधयात्रांच्या स्मारकापाशी जा. जहाजाच्या नाळेसारखे ५६ मीटर उंचीचे हे स्मारक जुने नाही. सालाझारने ते १९६० मध्ये काँक्रीट आणि दगडात उभारले. ज्या वर्षी हे उभे राहिले त्याच वर्षी रानड्यांना लिस्बनला आणले गेले, आणि पुढच्याच वर्षी गोवा त्या साम्राज्यातून सुटला. हे मनात ठेवून पाहिले तर स्मारकाच्या भव्यतेतील हट्ट दिसतो. बेलेंचा मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता आणि गुल्बेंकियानचे मुख्य संग्रहालयही त्याच वर्षी दुरुस्तीला घेतले गेले, म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाची स्थिती त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासा. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. तो दिवस बागेसाठी किंवा काशकाईशसाठी ठेवा. १ मे रोजीही पुष्कळ ठिकाणे बंद असतात.

जेवणाचे म्हणाल, तर तुम्हाला मासे चालतात म्हणजे तुम्ही सुखी आहात. पतींसाठी थोडी तयारी लागेल. भाज्यांच्या सुपात, विशेषतः काल्दु व्हेर्द या हिरव्या सुपात, डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो, आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो तुकडा काढला की सूप शाकाहारी होते. त्यामुळे ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासा नको, असे दोन्ही सांगा आणि सुपाविषयी वेगळे विचारा. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते न मागता आलेले असले तरी खाल्ल्यास बिलात लागते, आणि नको असल्यास परत पाठवण्यात काही गैर मानत नाहीत. अंडे चालत असल्यामुळे पतींना ऑम्लेट आणि अंड्याच्या बलकाचे मिष्टान्न यांचा आधार आहे. बेलेंमध्ये १८३७ पासून चालत आलेल्या दुकानातील वाटीसारखी पेस्ट्री गरम असतानाच खा. बलक आणि साखर यांची ही चव तुम्हाला परकी वाटणार नाही, कारण आपली बेबिंकही त्याच स्वयंपाकपरंपरेतून आली आहे. तिला नारळाचा रस मिळाला तो गोव्यात. चार-पाच दिवसांनी वरणभाताची आठवण झालीच, तर शहराच्या उत्तर भागात लुमियारजवळ राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांच्या समाजाने ते उभारले असून तेथील भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते. वेळ आधी दूरध्वनीवर विचारून जा.

भाषेची भीती बाळगू नका. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, फीत, बिजागरी हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले आहेत, आणि दुकानाच्या पाटीवर ते ओळखीच्या रूपात भेटतात. आभार मानताना स्त्रीने ‘ओब्रिगादा’ आणि पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचे. वडिलांकडून कानांवर पडलेले चार शब्द असतील तर ते जरूर वापरा.

व्हिसाबाबत थोडक्यात सांगते. पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पणजीत असल्याने तुम्हाला मुंबईला जाण्याचे कारण नाही. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जानेवारीतच करा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. जुन्या आजारांना तो लागू आहे का, हे पतींच्या गुडघ्यांमुळे नीट वाचून घ्या. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. भारतातून लिस्बनला थेट विमान नाही, तेव्हा वाटेत एकदाच बदल करावा लागेल आणि तेथे किमान तीन तास मिळतील असे तिकीट पाहा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी नोंदपद्धत सुरू झाली आहे आणि रांगा लांबतात. परतीच्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

एक काम मात्र व्हिसाच्याही आधी, याच आठवड्यात सुरू करा. सालाझारच्या गुप्त पोलिसांची दप्तरे लिस्बनमधील तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत आणि १९९० च्या दशकापासून ती अभ्यासकांना व नागरिकांना पाहता येतात. वडिलांच्या नावाने काही नोंद आहे का, हे इ-पत्राने आधी विचारा. शोधाला वेळ लागतो, आणि काही सापडले तर तुम्ही तेथे असताना ते काढून ठेवण्याची विनंती करता येते. इमारत विद्यापीठाच्या आवारात, पुन्हा तुमच्या पिवळ्या मार्गावरच, सिदादे उनिव्हेर्सितारिया या स्थानकाजवळ आहे. सापडेलच असे वचन मी देऊ शकत नाही. आग्वादमधील अनेक कागद गोव्यातच राहिले असतील, म्हणून पणजीच्या पुराभिलेख खात्यातही एक अर्ज द्या. दोन्हीकडे वडिलांचे नाव आज आपण लिहितो तसे न देता त्या काळच्या पोर्तुगीज लेखनाप्रमाणे द्या. त्या कागदांत कामतांचे कामोतिम होते, शेणईंचे सिनाय होते, शेटांचे नाव एक्स या अक्षराने सुरू होते, आणि एका अक्षराच्या फरकाने माणूस सापडत नाही. वडिलांची जन्मनोंद किंवा १९६१ पूर्वीचा शाळेचा दाखला काढा, त्यावर नाव जसे लिहिले असेल तसेच अक्षर न अक्षर उतरवून घ्या, आजोबांचे नाव आणि अटकेचे वर्षही सोबत लिहा.